दादाच्या वाटणीची ट्रॉली

९ एप्रिल १९९२

दिवाळीनंतर आज पहिल्यांदा लिहायला बसलो. इतके महिने काहीच लिहिलं नाही याबद्दल माफी मागावी असं वाटतं, पण कोणाची मागायची ते कळत नाही. 'वेळ मिळाला नाही' असं लिहिणार होतो. ते खरं नाही. वेळ होता. आई गेली, मग वाटणी झाली, आणि वाटणीबद्दल लिहिताना मी स्वतःच्या बाजूने झुकणार नाही याची खात्री नव्हती. आता बऱ्यापैकी आहे.

वाटणी भांडण न होता झाली, हे आधी लिहून ठेवतो. गावातले जाणते दत्तराव मध्ये बसले होते. जमीन सरळ अर्धी झाली. अडलं ते ट्रॅक्टरपाशी. दादा म्हणाला, "ट्रॅक्टर चंदरला द्या. तो शेतकी शिकलाय, त्याला इंजिनातलं कळतंय." मी म्हणालो, मग ट्रॉली दादाकडे राहू द्या, दोन्ही मी घेणं बरोबर नाही. सगळ्यांना हे फार समजूतदारपणाचं वाटलं. मलाही वाटलं. बैल एकाला आणि गाडी दुसऱ्याला, असं आपण करून बसलो आहोत हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

सध्या शेणखत ओढायचे दिवस आहेत. रोज सकाळी मी आणि ड्रायव्हर मुंजाजी ट्रॅक्टर घेऊन दादाच्या आखाड्यावर, म्हणजे त्याच्या शेतातल्या वस्तीवर, जातो आणि ट्रॉली जोडतो. आधी दादाच्या खताच्या खेपा, मग आमच्या. संध्याकाळी ट्रॉली परत दादाच्या आखाड्यावर. ती सोडवून घ्यायचं काम दादा स्वतः करतो, कारण ट्रॉली त्याची.

अडचण अशी की सकाळी जॅकचा पाइप ट्रॅक्टरला बसत नाही.

१२ एप्रिल

अडचण नीट मांडून पाहतो.

ट्रॉली उलटायचा जॅक ट्रॅक्टरच्या तेलावर चालतो. तेल ज्या पाइपातून जातं त्याच्या टोकाला लोखंडी नाक आहे, आणि नाकात स्प्रिंगवर बसलेली एक गोळी. हे नाक ट्रॅक्टरच्या कपलरमध्ये रेटलं की दोन्हीकडच्या गोळ्या एकमेकींना मागे ढकलतात, तेलाला वाट होते आणि वरची कडी टक्कन बसते. हाताने होणारं काम आहे, पान्याची गरज नाही. पण सोडवताना पाइपात दाब राहिला असेल तर आतून गोळी तटून बसते. मग माणसाने कितीही जोर लावला तरी ती हटत नाही.

दादाची त्यावरची रीत अशी: नाकाला फडकं गुंडाळायचं, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गोळीवर ठेवायचं आणि दाबायचं. फस्स होऊन थोडं तेल उडतं आणि दाब जातो. मला ही रीत मान्य नाही. दाबातलं तेल बारीक भोकातून निघालं की सुईसारखं असतं. पूर्वी शेतकी खात्यात नोकरीला असताना यंत्रांच्या शिबिरात एका प्रशिक्षकाने मेकॅनिकच्या हाताची गोष्ट सांगितली होती. ती मी दादाला सांगितली.

"मेला का तो?" दादाने विचारलं.

"नाही. बोट गेलं."

"मग बरंय. मला वाटलं मेला." आणि तो हसला. "घाई काय हाय? पाईप जरा निवू दे. बस. कमल, च्या आण."

चहा तयारच होता. वहिनींनी गाळूनच आणला. नेमकं आम्ही जातो तेव्हा त्यांचा चहा होतो हा योगायोग बरा आहे, पण त्यात वेळ जातो. दादा त्या वेळात वासराबद्दल बोलला, विहिरीच्या पाण्याबद्दल बोलला, पोखर्णीच्या नृसिंहाला आई आम्हाला चालत न्यायची आणि मी वाटेत बसकण मारायचो त्याबद्दल बोलला. मी त्याला म्हणालो की मला ते आठवत नाही. वास्तविक आठवतं. तसं का म्हणालो, ठाऊक नाही.

१४ एप्रिल

कारण ऊन असावं, असं मला वाटतं. ट्रॉली पश्चिमेला तोंड करून उघड्यावर असते. पाइप काळा, आत कोंडलेलं तेल. संध्याकाळी सोडलेला असला तरी जमीन, पत्रा, सगळं तापलेलंच असतं. सकाळी पुन्हा ऊन येतंच. तेल तापून फुगलं की त्याला जायला जागा नाही.

आज ट्रॉली दादाच्या कडुलिंबाखाली लावून घेतली. पाइपावर ओलं पोतं टाकलं.

१५ एप्रिल

तरीही बसला नाही. सावलीत, थंडगार पाइप. माझा तर्क चुकला, किंवा अपुरा होता.

दादा म्हणाला, "लिंबाखाली बरं वाटतंय बसायला. तू सांगितल्यापासून मी बाज बी इथंच आणलीय." दोन बाजा होत्या.

१७ एप्रिल

मुंजाजी आज परत येताना म्हणाला, "मालक, एक सांगू का? रागावू नका."

"सांग."

"थोरले मालक ट्रॉली खाली टेकली की लिवर इतकंसं वर वढतेत. पाईप फुगतोय. मंग काढतेत."

मी विचारलं, मुद्दाम?

"आता ते मी कसं सांगावं? मी एकदा म्हनलं, मालक, लिवर खाली करून काढा, सकाळी तकलीफ न्हाई व्हायची. तर म्हनले, मुंजाजी, तुला पगार कोन देतंय? मी म्हनलं, धाकले मालक. तर म्हनले, मंग त्यायलाच सांग." मुंजाजी हसला आणि रेडिएटरमधलं पाणी बघायला उठला. त्याला यात हसण्यासारखं काय वाटलं ते त्याने सांगितलं नाही.

म्हणजे कारण ऊन नव्हतं, किंवा फक्त ऊन नव्हतं. दादाला लिवरची दिशा लक्षात येत नसावी. तो ट्रॅक्टर फारसा चालवत नाही, आणि वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा आहे. समजावून सांगायला हवं. सांगताना उपदेश वाटू नये.

१८ एप्रिल

खडूने ट्रॉलीच्या फाळक्यावर आकृती काढून समजावलं. ट्रॉली पूर्ण खाली टेकलेली हवी. इंजिन बंद. मग लिवर उतरवायच्या बाजूला करून थोडं थांबायचं, म्हणजे पाइपातलं तेल ट्रॅक्टरच्या टाकीत परत जातं. नंतरच पाइप काढायचा. आणि चुकून दाब अडकलाच, तर नाकातल्या गोळीला हात लावायचा नाही. ट्रॉली खाली आहे ना हे बघायचं, जॅककडच्या नटावर जाड फडकं टाकायचं, तोंड बाजूला ठेवायचं आणि पान्याने नट अगदी जरासा सैल करायचा. तेल पाझरून जातं, उडत नाही.

दादाने सगळं ऐकलं. शेवटी म्हणाला, "लय चांगलं समजून सांगतोस. मास्तर व्हायला पायजे व्हतास." वहिनींना हाक मारली, "ऐकलं का, ह्यानं काय काय काढलंय बघ फळीवर."

वहिनी पदर सावरत आल्या, आकृती पाहिली, म्हणाल्या, "भाऊजी, जेवूनच जा आता. तुमी असलाव की हे भाकर जास्त खातेत." आखाड्यावर दळण कमी असेल असं वाटून मी नको म्हणालो.

२० एप्रिल

पाइप आजही फुगलेला. आकृती फाळक्यावर तशीच आहे, दादाने ती पुसूही दिलेली नाही. काल वासराने चाटली तर त्याला हाकललं म्हणे.

सवय इतक्या लवकर मोडत नाही, असा निष्कर्ष काढतो.

२१ एप्रिल

घरी बोलणं झालं. माझ्या बायकोचं, मनकर्णाचं, म्हणणं सरळ आहे. "आपली ट्रॉली आपण घ्यावी. रोज उठून दुसऱ्याच्या दारात उभं ऱ्हायचं, त्यांची मर्जी, त्यांचा पाईप. आन् तुमी कशाला जाताव? मुंजाजीला हात न्हाईत का?"

मी म्हणालो, जोडताना देखरेख लागते.

"मंग संध्याकाळी का जात न्हाईत देखरेखीला?"

संध्याकाळी सोडताना चूक होते हे कळल्यावर खरं तर तिथेच जायला हवं होतं. मी सकाळीच का जातो? सकाळी डोकं ताजं असतं, हे एक कारण. दुसरं सापडलं नाही.

देवगाव फाट्यावर एक जण ट्रॉल्या बनवतो. बघून यायचं ठरलं. एक गोष्ट मात्र लिहायला हवी. वाटणी झाल्यापासून दादाचं आणि माझं घर एकमेकांकडे येत-जात नाही. मनाई कोणी केलेली नाही. पण लग्न नाही, बारसं नाही, तर कशासाठी जायचं? उरलं आहे ते एवढं ट्रॉलीचं. ती घेतली की तेही राहणार नाही. हे मी मनकर्णाला बोललो नाही, कारण हे ट्रॉली न घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

२३ एप्रिल

फाट्यावर जाऊन आलो. ट्रॉली चांगली आहे, बनवणारा हुशार आहे. "कळवतो" म्हणालो.

परतताना दादाची गाठ बसमध्येच पडली. तो सेलूच्या बाजाराहून चढला होता. खोटं बोलणं जमलं नाही, ट्रॉली पाहिल्याचं सांगितलं.

"चांगली हाय का?"

"बरी आहे."

"घे मग. रोज खोळंबा व्हतोय तुझा." पुढे तो खिडकीतून बाहेर बघत बसला. त्याला राग आला असं वाटलं नाही. आवाज नेहमीसारखा होता. गाव आल्यावर उतरताना त्याने माझी पिशवी हातात घेतली आणि खाली उतरून मला परत दिली.

२४ एप्रिल

जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा चहा नव्हता. बाजा भिंतीला उभ्या लावलेल्या होत्या. दादा आम्ही यायच्या आधीच पाइप पायाखाली धरून वाकला होता. एरवी तो आमची वाट बघतो. आज का नाही, कळत नाही. फडकं गुंडाळलेलं नव्हतं. मला बघून म्हणाला, "आलाव? थांबा, मोकळा करून देतो. आज थांबायचं काम न्हाई." त्याने उजव्या हाताची तर्जनी पात्यावर टेकवून स्क्रू-ड्रायव्हर दाबला.

मी "दादा" म्हणेपर्यंत आवाज आला. तेल फार उडालं नाही. दादाने हात झटकला, बोट पुसलं आणि म्हणाला, "घे, झालं. लाव."

मी बोट बघायला मागितलं. पेरावर टाचणी टोचल्यासारखा ठिपका होता. रक्तही जवळजवळ नाही.

मला त्याच क्षणी शिबिरातली गोष्ट आठवली. त्या मेकॅनिकलाही आधी एवढाच ठिपका होता. मी म्हणालो, परभणीला चला. दादा म्हणाला, "एवढ्याला? काटा मोडल्यावर काय पुण्याला न्यायलास का?" मुंजाजी हसला. वहिनींनी हळद लावली. गावातल्या डॉक्टरने धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, काही नाही म्हणाला.

आणि मी खत ओढायला गेलो. हे मला समजून घ्यायचं आहे. मला माहीत होतं. बाकी कोणाला माहीत नव्हतं, मला होतं. पण दादाला दुसऱ्यांदा 'चला' म्हणणं म्हणजे त्याच्यावर अधिकार सांगणं, आणि तसा अधिकार आता माझ्याकडे आहे का, या विचारात मी दोन खेपा टाकल्या.

तिसऱ्या खेपेला ट्रॅक्टर मुंजाजीकडे दिला आणि आखाड्यावर परत गेलो. बोट फुगून टणक झालं होतं, टोक पांढरं पडलं होतं. दादा बाजेवर बसून हात वर धरून होता. म्हणाला, "जरा ठणकायलंय." दादा 'जरा' म्हणतो तेव्हा ते जरा नसतं.

मी मोटारसायकल काढली. या वेळी विचारलं नाही, "बसा" म्हणालो. तो बसला.

परभणीत शिरताना नामांतराचा मोर्चा होता, रस्ता अडवलेला. पोलिसाने आधी मागे फिरवलं, मग दादाचा हात बघून बाजूने सोडलं. मोर्चातल्या एका माणसाने पुढे होऊन आम्हाला वाट करून दिली. दादाचा डावा हात माझ्या खांद्यावर होता. तो सबंध रस्ताभर तिथेच होता, आणि फार घट्ट.

सर्जनने ठिपका बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "कधी झालं?" मी वेळ सांगितली. लगेच आत नेलं, बोट पेरापासून तळव्यापर्यंत उघडलं, आतलं तेल धुऊन काढलं. बाहेर आल्यावर म्हणाला, सकाळीच आणायला हवं होतं, पण उद्या आणलं असतं तर बोट ठेवता आलं नसतं. यातला कोणता भाग माझ्यासाठी होता, यावर विचार करतो आहे.

२६ एप्रिल

दादा दवाखान्यात. बोट राहील. टोकाचा सांधा बहुधा वाकणार नाही.

मी जवळ बसलो होतो. मग त्याने विचारलं, "फाट्याची ट्रॉली कवा येणार?"

"अजून सांगितलं नाही त्याला."

"आं."

थोड्या वेळाने तो झोपला. औषधाने असेल. घोरत होता, लहानपणी घोरायचा तसा.

२९ एप्रिल

दादा घरी आला. उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत, गळ्यात झोळी.

ट्रॉली सोडायचं काम आता मुंजाजी करतो. इंजिन बंद, लिवर खाली, थोडं थांबायचं, मग पाइप. पहिल्याच दिवशी नाक कपलरमध्ये टक्कन बसलं. दोन बोटांच्या जोराने. माझी आकृती बरोबर होती, हे नोंदवायला हरकत नसावी.

२ मे

पाइप रोज बसतो. आम्ही जातो, जोडतो, निघतो. वहिनी चुलीपाशी असतात तोवर आम्ही बांधाच्या पलीकडे गेलेलो असतो. काम लवकर सुटतं. वाचलेल्या वेळाचं मी काय करतो ते आठवायचा प्रयत्न केला, आठवलं नाही.

काल ट्रॅक्टर चालू असताना दादा बाजेवरून काहीतरी म्हणाला. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी हात केला, त्यानेही झोळीतला हात थोडा उचलला.

मुंजाजी म्हणाला, "मालक, एखांदे दिवशी मी लिवर खाली करायचं इसरलो तर चालंल का?"

मी त्याला चांगलंच झापलं. त्या माणसाचं बोट डोळ्यांपुढे असताना असली चेष्टा सुचते कशी? तो "बरं" म्हणाला.

५ मे

वहिनी स्वतः आमच्या घरी आल्या. वाटणीनंतर पहिल्यांदाच. मनकर्णाने पाट दिला, गूळ-पाणी दिलं. दोघी आधी कुरडयांच्या चिकाबद्दल बोलल्या. मग वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्यांनी निरोप दिलाय. ट्रॉली तुमच्याकडंच घेऊन जा म्हणले. कायमची. इकडं पडून काय करायची? ट्रॅक्टर आन् ट्रॉली एका जागी असावं. फाट्यावरची घेऊ नका."

मनकर्णा माझ्याकडे बघत होती. मागणी नव्हती, अट नव्हती. सगळं सुटत होतं. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

"त्यात इचार कसला करायलाव?" वहिनी म्हणाल्या. "तुमाला पायजे व्हतं तेच हाय की." उठताना मनकर्णाला म्हणाल्या, "रातभर जागतेत. हात दुखतोय म्हणतेत. डॉक्टर म्हणतोय दुखायचं कारण न्हाई आता."

मनकर्णा त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेली आणि अपेक्षेपेक्षा उशिरा परत आली. आल्यावर फाट्याच्या ट्रॉलीचा विषय तिने काढला नाही.

६ मे

दादाच्या देण्यावर विचार केला. नाकारण्याची कारणं अशी. आमच्या आखाड्याचं फाटक अरुंद आहे, ट्रॉली वळवताना खांब जाईल. सावली लिंबाची आहे आणि लिंब दादाकडे आहे; पाइप उन्हात ठेवणं चूक हे सिद्ध झालेलंच आहे. शिवाय वाटणी एकदा ठरली की ठरली, ती अशी मोडत गेलो तर कशालाच अर्थ राहणार नाही. तिन्ही कारणं मला पटतात. फाटक रुंद करता येईल हे मनकर्णाने दाखवून दिलं. मी म्हणालो, ते पुढे बघू.

संध्याकाळी हे सांगायला आखाड्यावर गेलो, पायी. ट्रॅक्टरशिवाय तिथे गेल्याला किती काळ झाला होता. दादा लिंबाखाली एकटाच बसला होता. मला बघून रस्त्याकडे पाहिलं, ट्रॅक्टर कुठे आहे म्हणून.

"काय बिघडलं?"

"काही नाही."

"मग?"

मी फाटकाचं सांगितलं, सावलीचं सांगितलं. तो ऐकत राहिला. "म्हणजे ट्रॉली हितंच ठिवायची?"

"हो. आणि फाट्यावरची घेत नाही."

"बरं." मग थोडं थांबून, "सकाळी किती वाजता येताव?"

"नेहमीसारखंच."

"पाईप तर आता लगेच बसतोय."

"बसतो."

दादा बस म्हणाला नाही, पण मी बसलो. जवळून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, त्याच्या गालावर पांढरी दाढी पार वाढली आहे. दवाखान्यात गेल्यापासूनची. डाव्या हाताने वस्तरा धरता येत नाही. न्हावी लग्नसराईत गुंतलेला, कधी येईल सांगता येत नाही, आणि वहिनींना तो हात लावू देत नाही. म्हणाला, "खाजतंय लय." मी म्हणालो, बघतो.

शेतात खेपा आता थोड्याच राहिल्या आहेत. त्या मुंजाजी एकटा टाकेल.

उद्या सकाळी: दादाची दाढी करायची.